वाणात आलेल्या अंकाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. ‘धडधाकट’ नावाच्या आरोग्य मासिकाचा, जानेवारी महिन्याचा. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगतो. जुनी छत्री, जुनी सायकल, जुना फळा यांची मनोगतं तुम्ही शाळेत लिहिली असतील. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मी कुणाला माफ केलेलं नाही. मला सूड हवा होता, आणि तो कसा मिळाला हेच मी सांगणार आहे.

माझा जन्म बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका छापखान्यात झाला. जन्म म्हटला की आनंद असतो. मलाही झाला होता. कोरा गुळगुळीत कागद, ओल्या शाईचा वास, यंत्राचा एकसुरी खडखडाट! माझ्या सतराव्या पानावर एका आहारतज्ज्ञ बाईंनी लिहिलेला साधा मजकूर यायचा होता. लहान मुलांना भाकरी द्या, डाळ द्या, अंडं द्या, हंगामातलं फळ द्या आणि भरपूर खेळू द्या, एवढंच त्यात होतं. मला ते पान फार आवडायचं.

छपाईच्या दिवशी आमचे मालक आणि संपादक विजयसिंह पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले आणि त्यांनी ते पान काढायला लावलं. त्या जागी एक तक्ता आला. वय इतकं, तर वजन इतकं हवंच. कमी भरलं की लाल रंग. त्याच्याच पाठच्या अठराव्या पानावर ‘बलसार’ नावाच्या पावडरीची जाहिरात होती.

यंत्रावर जोतीराम होता. तो तक्ता बघून थांबला.

“साहेब, चार वर्साला वीस किलो? माझं पोरगं चार वर्साचं हाय. दिवसभर माकडावानी झाडावर असतंय. पन वीस किलो काय भरत न्हाय.”

“जोतीराम, तू शाई बघ. आकडे मी बघतो.”

“व्हय साहेब,” म्हणून जोतीरामनं यंत्र सुरू केलं, आणि ते आकडे माझ्या पोटात गेले. माणसाला निदान ओकारी काढता येते. कागदाला तेही जमत नाही. छापलं ते मिरवायचं. त्याच क्षणी मी मनाशी म्हटलं, विजयसिंह, तुम्ही माझ्या तोंडी खोटं घातलंत. एक दिवस हेच तोंड तुमच्यावर उलटेल.

मला बाजारात विकलं नाही, तेच तर त्यांचं डोकं. संक्रांतीला बारामतीजवळच्या पणदऱ्यात बचत गटाच्या बायकांचं हळदीकुंकू होतं. ‘यंदाचं वाण आमच्याकडून,’ असं विजयसिंहांनी कळवलं. मित्रांनो, वाण म्हणून कुणी चाळणी देतं, कुणी कंगवा देतं, कुणी प्लास्टिकची डबी देतं. ते निवडायचं नसतं आणि नाकारायचंही नसतं. बाजारात बाई पाच रुपयांची मेथीची जुडीसुद्धा उलटसुलट करून घेते. पण वाण ती कपाळाला लावून पदराखाली घेते. असे आम्ही चाळीस भाऊ, हळदीकुंकवाची बोटं लागलेले, चाळीस घरांत कुणीही न निवडता शिरलो.

मी प्रतिक्षाच्या घरी गेलो. ती बारामतीच्या कॉलेजात बीएस्सी झालेली, नवरा कंपनीत शिफ्टला, आणि तीन वर्षांची मुलगी श्रेया. प्रतिक्षा काळजीनं विणलेली बाई होती. द्राक्ष द्यायचं तर चार फोडी करून द्यायची. आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या कोपरानं बघायची. मूल झोपलं तरी श्वास चाललाय ना म्हणून नाकाशी बोट धरायची. अशा बाईच्या हातात माझ्यासारखा अंक पडणं म्हणजे वाळल्या पाचटात काडी पडणं.

तिनं सतरावं पान उघडलं. तीन वर्षं, सोळा किलो. श्रेया साडेबारा किलोची. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘याहून कमी वजन म्हणजे मुलाची बुद्धीही मागे राहण्याचा धोका.’ तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. मला ओरडावंसं वाटलं, ‘बाई, पान उलट! पाठीमागे काय विकायला ठेवलंय ते बघ!’ तिनं पान उलटलं, आणि जाहिरातीतला फोन नंबर लिहून घेतला.

सासरे दत्तोबा अंगणात शेळ्यांना पाला टाकत होते. ते म्हणाले, “सूनबाई, पोरगी दिवसभर शेरडामागं पळती. तिला काय धाड भरलीय?”

“आबा, तक्त्यात दिलंय. साडेतीन किलो कमी आहे ती.”

“तक्ता कुनी केला?”

उत्तर सासूबाईंनी दिलं. भागूबाई म्हणाल्या, “अवो, वाणात आलेलं पुस्तक हाय. सवाष्णीच्या हातनं आलेलं. त्यात खोटं कसं आसंल?”

झालं. डबा आला. सकाळी दोन चमचे, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. पहिले आठ दिवस श्रेयानं आवडीनं पावडरीचं दूध प्यायलं. गोड होतं ना! मग तिनं भाकरी सोडली. वरणभात सोडला. मग दूधही नको झालं. पण माझ्या बाविसाव्या पानावर लिहिलं होतं, ‘मूल नको म्हणाले तरी आईने खंबीर राहावे.’ प्रतिक्षा खंबीर राहिली. मांडीत दाबून, नाक धरून पेला रिकामा करायची, आणि मुलगी रडायची तेव्हा स्वतःही रडायची.

महिन्याभरात श्रेयाला शौचाला होईना. खडा व्हायचा, रक्त यायचं, आणि ती अशी किंचाळायची की शेजारच्या घरातली कुत्री भुंकायला लागायची. पेला दिसला की ती गोठ्यात वासरामागे लपायची आणि तिथून म्हणायची, “आई, नको. आई, तू जा.”

‘तू जा.’ तीन वर्षांच्या मुलीनं आईला म्हटलेलं हे मी फडताळातून ऐकलं. ते माझ्यामुळे होतं. नाही, माझ्यामुळे नव्हतं! माझ्या तोंडी ज्यानं ते आकडे घातले त्याच्यामुळे होतं. मी तो हिशेब मनात धरून ठेवला.

एका सकाळी दत्तोबा तणतणत आले. डेअरीत म्हशीच्या दुधाला फॅट कमी लागली होती. ते तिथून तसेच उठले, त्याच कॅनमधलं बाटलीभर दूध घेऊन दुसऱ्या डेअरीत तपासून आले. ऊस तुटला की वजनही ते असंच दोन काट्यांवर बघत. गावात सगळेच बघतात, त्यात वावगं काही नाही.

“एकाच मापावर इस्वास ठिवला तर म्हस इकायची येळ यील,” ते हात धुता धुता म्हणाले. तेवढ्यात गोठ्यातून श्रेयाचं रडणं आलं. दत्तोबांनी सुनेकडे बघितलं. “दुधाला दोन डेअऱ्या, उसाला दोन काटं, आन पोरीला एकच पुस्तक? आमच्या शिकल्याल्या सूनबाईचं गनित लई भारी हाय.”

प्रतिक्षानं पेला तिथंच ठेवला, मुलीला कडेवर घेतलं, मला आणि डब्याला पिशवीत घातलं आणि तडक अंगणवाडीत गेली.

अंगणवाडीच्या सेविका मेहजबीनताई. चष्मा दोरीला बांधलेला, आवाज मैदानापलीकडे जाणारा. त्यांनी श्रेयाला काट्यावर उभं केलं आणि तिचं कार्ड काढलं.

“हे बघ, हा हिरवा पट्टा. पोरगी पहिल्यापासून हिरव्यात होती. साडेबारा म्हणजे झकास होतं की! पण आता बारा भरलीये. अर्धा किलो उतरली. काय चारतेस गं तिला?”

प्रतिक्षानं डबा पुढे केला. मेहजबीनताईंनी चष्मा चढवून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचली. “निम्म्याच्या वर साखर आहे यात! पोट साखरेनं भरल्यावर भाकरी कुठं जाणार? गावात आठ घरांत हा डबा बघितला मी. ओरडून घसा बसला. सगळ्या म्हणतात, पुस्तकात आलंय. आता मी काय, पुस्तकापेक्षा मोठी का?”

बारामतीच्या बालरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं. पावडर बंद, साधं जेवण, आणि जबरदस्ती अजिबात नको.

घरी येऊन प्रतिक्षानं मला भिंतीवर फेकून मारलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, आता चुलीत घालेल. घालावंच. तिनं मला उचललंही, चुलीपर्यंत नेलंही. मग थांबली आणि मलाच म्हणाली, “तुला जाळून त्याचं काय जाणार आहे?”

मित्रांनो, त्या दिवसापासून आम्ही दोघं एका बाजूचे झालो.

ती तावातावानं थेट भांडायला गेली नाही. आधी तिनं मला पानापानानं वाचलं, पेन घेऊन. संपादक विजयसिंह. ‘बलसार’चा फोन नंबर आणि संपादकीयाखालचा नंबर एकच. डॉक्टरांचे तीन लेख, पण एकाही डॉक्टरचं आडनाव नाही, पदवी नाही, गाव नाही. ‘बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत सपाट पोट’ या लेखातली बाई बाळंतीण तर सोडाच, या देशातलीही वाटत नव्हती. प्रत्येक लेखाच्या शेवटी वाचणाऱ्याला भीती वाटावी, आणि भीतीच्या पुढच्या पानावर औषध असावं, अशी माझी रचना होती. मी उघडा पडत गेलो. लाज वाटली, पण त्या लाजेत एक धार होती.

मग ती मला घेऊन बारामतीच्या एसटी स्टँडवर खाजाभाईंच्या स्टॉलला गेली. व्यायामाची आणि आरोग्याची होती नव्हती तेवढी मासिकं तिनं पुढ्यात घेतली आणि उभ्या उभ्या चाळू लागली. अर्धा तास झाला.

“ताई,” खाजाभाई म्हणाले, “साडी घेताय का मासिक? सगळ्यांचे पदर उलगडून झाले. आता निऱ्या पण बघणार का?”

“निऱ्याच बघतेय भाई. वरून सगळीच छान दिसतात.”

“हे घ्या, हे लई खपतं. बघा बॉडी! पोटावर नांगरट केल्यासारखी.”

“त्याला एवढी नांगरट करायला काय लागलं, ते आत कुठं दिलंय?”

खाजाभाईंनी पान उलटून बघितलं. “आत पावडरच हाय,” ते हसत म्हणाले.

शेवटी तिच्या हाती एक बारीक अंक लागला. साधा पिवळट कागद, मुखपृष्ठावर घाम पुसणारी एक पन्नाशीची बाई. लेखाखाली लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, पदवी, गाव. जाहिरात होती, पण चौकटीत, आणि वर ‘जाहिरात’ असं लिहिलेलं. दुसऱ्याच पानावर एक छोटा मजकूर होता. ‘मागील अंकात गुडघ्याच्या व्यायामाचे चित्र उलटे छापले गेले. तसा व्यायाम करू नये. आमची चूक झाली, क्षमस्व.’

प्रतिक्षा ते तीनदा वाचून म्हणाली, “हे द्या.”

“ते? ते न्हाय खपत. महिन्याला चार येतात, तीन परत जातात.”

“चूक कबूल करणारं आहे, भाई.”

“म्हणूनच न्हाय खपत,” खाजाभाई म्हणाले.

पण पिशवीत त्या बारीक अंकाशेजारी पडल्या पडल्या मी जळून गेलो. त्याला क्षमा मागता येत होती! माझ्या मालकानं मला तेवढंही दिलं नव्हतं. प्रतिक्षाच्या मनात त्याच वेळी काय आलं, ते तिनं घरी जाताच बोलून दाखवलं. “आबा, ‘धडधाकट’लाही चूक छापायला लावते. मुखपृष्ठावर.”

ती घरोघरी गेली. वाण परत करायचं, असं म्हणाली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. भागूबाई तर कडाडल्या, “वाण परत करत्यात व्हय कुठं? घरादाराला अवदसा यील!”

त्याच दुपारी श्रेया पुन्हा किंचाळली. डबा बंद होऊन पंधरा दिवस झाले होते, तरी जखम भरली नव्हती. भागूबाईंनी नातीला धुतलं, आणि ते लालसर पाणी मोरीतून वाहून जाईपर्यंत बघत राहिल्या. मग बाहेर येऊन सुनेला एवढंच विचारलं, “कवा जायाचं?”

चैत्रात इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात विजयसिंहांनी मोठं हळदीकुंकू ठेवलं. गौर मांडलेली, आंब्याची डाळ, पन्हं, आणि दाराशी टेबलापुढे मुलांना तोलायचा काटा, माझा तक्ता मोठा करून भिंतीला, आणि टेबलावर बलसारच्या डब्यांची रास. भाड्यानं आणलेली एक मुलगी वजन बघून रंग सांगत होती. सगळी मुलं लाल निघत होती. आया घाबरून डब्याकडे वळत होत्या.

पणदऱ्याच्या बत्तीस बायका आत आल्या, प्रतिक्षाच्या पदराखाली मी आणि बाकी प्रत्येकीच्या पदराखाली माझा एकेक भाऊ. प्रतिक्षा काही बोलायच्या आधीच एक गुटगुटीत मुलगा धावत आला आणि रांग मोडून काट्यावर चढला. आकडे लुकलुकताना बघायला त्याला मजा वाटत होती.

“वय?” टेबलावरच्या मुलीनं विचारलं.

“चार!” तो चार बोटं नाचवत ओरडला.

“सोळा किलो दोनशे. लाल. याची आई कोण?”

पन्ह्याचे पेले वाटणारी एक तरुणी पुढे आली. ती विजयसिंहांची सून सोनम, आणि मुलगा त्यांचा नातू यशराज.

“लाल कसा?” सोनम हसली. “आमच्या डॉक्टरांनी परवाच बघितलंय. वजन अगदी छान आहे म्हणाले.”

प्रतिक्षानं सरळ, पण सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं विचारलं, “मग तुम्ही याला बलसार किती चमचे देता?”

“याला? छे हो! केवढी साखर असते त्यात.”

बोलून गेल्यावर सोनमनं जीभ चावली, पण उशीर झाला होता. कार्यालयात अशी शांतता पसरली की पन्ह्यातला बर्फ वाजलेला ऐकू आला. मित्रांनो, मी छापखान्यापासून या शांततेची वाट बघत होतो.

विजयसिंह लगबगीनं आले. “ताई, माता-भगिनींनो, काहीतरी गैरसमज होतोय...”

भागूबाई पुढे झाल्या. त्यांनी पदराखालचा, घरी राहिलेल्या शेजारणीनं दिलेला अंक काढला, कपाळाला लावला नाही, तसाच टेबलावर आपटला.

“अहो आजी, वाण परत करत नसतात,” विजयसिंह म्हणाले. “अपशकुन असतो.”

“अपशकुन तुमी आमच्या घरात वाटला, सायेब. तुमचा तुमाला आनून दिला.”

मग एकीमागून एक. धप, धप, धप. माझे एकतीस भाऊ त्या टेबलावर पडले. डब्यांची रास ढासळली. कुणी मोबाइल वर धरले होते. इंदापूरच्या बायका हातातले डबे परत ठेवून रांगेतून बाहेर पडल्या. विजयसिंहांच्या पांढऱ्या कपड्यांवर कुणाच्या तरी धक्क्यानं पन्हं सांडलं. तो डाग मी डोळे भरून पाहिला.

एकटा मी प्रतिक्षाच्या हातात राहिलो. तिनं सतरावं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं.

“काय पाहिजे तुम्हाला, ताई?” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बसून बोलू.”

“उभ्यानंच सांगते. दुरुस्ती पाहिजे. हा तक्ता खोटा होता असं छापा.”

“छापू की. आतल्या पानावर...”

“मुखपृष्ठावर. घाबरवलंत ज्या अक्षरांत, त्याच अक्षरांत. नाहीतर पुढचं हळदीकुंकू तुम्ही जिथं ठेवाल तिथं आम्ही येऊ, आणि काटा आम्ही आणू.”

मे महिन्याच्या मुखपृष्ठावर दुरुस्ती छापून आली. जूनचा अंक निघाला नाही. पुढे कधीच निघाला नाही. माझ्या घराण्याचा निर्वंश झाला, आणि मला आजवर त्याचं दुःख झालेलं नाही.

बचत गट आता त्या पिवळट मासिकाचा वर्गणीदार आहे. दर महिन्याला मेहजबीनताईंच्या अंगणवाडीत बायका ते मोठ्यानं वाचतात आणि शंका काढतात. मी तिथंच भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. नवी आई आली की ताई मला उतरवतात आणि म्हणतात, “आधी हे बघ. असं घ्यायचं नसतं.” मला तसं दाखवलं जाताना अजून शरम वाटते. पण मी टांगून घेतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला जपू नका, मला तपासा. आरोग्याचं मासिक घ्याल तेव्हा मुखपृष्ठावरच्या दंडांना भुलू नका. लिहिणारा कोण आणि विकणारा कोण, ते बघा. दोघं एकच असले तर खाली ठेवा. वाचून तुम्हाला चालायला जावंसं वाटलं तर घ्या, आणि नुसतीच धडकी भरली तर स्टॉलवाल्याला परत द्या. आणि कुणी फुकट दिलं, देवाधर्माच्या नावानं दिलं, तर दुप्पट तपासा.

सूड पुरा झाला का, असं तुम्ही विचाराल. श्रेया आता भाकरी खाते. वजन तेरा किलो आहे, हिरव्या पट्ट्यात. आईच्या कुशीत झोपते. पण दुधाचा पेला पुढे आला की ती आधी हुंगते, मग आईच्या तोंडाकडे बघते, आणि मगच ओठ लावते. प्रतिक्षा तेवढा वेळ पेला धरून उभी असते. त्या हुंगण्याची दुरुस्ती कुठल्याच मुखपृष्ठावर छापता येत नाही. ज्या दिवशी ती पोर न हुंगता दूध पिईल, त्या दिवशी विचारा मला माफीचं.